किल्ला दिसला की

नत्थीलालचा नियम साधा:
गच्चीवरून किल्ला दिसला
की तिथून पुढे एक तास मोजायचा,
मगच पिस्तूल हातात घ्यायचं.
(रंगाचं पिस्तूल. शेजारच्या भदौरियांना
पहिल्या दिवशी हे नीट समजावून सांगावं लागलं.)

आज नऊ दिवस
किल्ला आलेला नाही.

शिंदे की छावणीतलं हे अंगण,
मध्ये विजय सुपर, उघडी,
प्रायमर मारलेली, राखाडी,
उटणं लावून बसवली
आणि पाणी तापवायलाच विसरलो, अशी.
तिच्या दोन्ही बगलांची झाकणं
दोरीवर, चादरींच्या शेजारी.
चादरीही वाळत नाहीत.

ही शालनताईची गाडी.
हजिऱ्याच्या दवाखान्यात रात्रपाळी,
पांढऱ्या साडीवर बापयी स्वेटर,
कानाला मफलर,
आणि परीक्षेच्या दिवसांत मागे मी
तिच्या पाठीत नाक खुपसून.
आता ती नागपूरला, दोन्ही गुडघे नवे,
फोनवर विचारते, वाळली का गं?
जसे काही मी पापड घातलेत.

पापडही आहे, खरं तर.
नत्थीलाल रोज सकाळी एक भाजलेला पापड
तुळशीच्या कट्ट्यावर ठेवतो
आणि अकराला मोडून बघतो.
कुर्र वाजला तर रंग.
वाकला तर चहा.
नऊ दिवस आम्ही चहा पितोय.

कॉम्प्रेसरच्या बुडाची चकती फिरवून
तो टाकीतलं पाणी काढतो:
वाटीभर, कधी तांब्याभर.
हवेत इतकं पाणी असतं
हे मला कुठे माहीत होतं?
मी तीस वर्षं भूगोल शिकवला.

दहाव्या दिवशी पावणेबाराला
आधी तटाची एक रेघ,
मग तिच्या खाली खडक,
मग सगळाच, जसा काही कुठे गेलाच नव्हता.
पापड वाजला.
माझ्या आंघोळीच्या बादलीत
रंगाचा डबा मानेपर्यंत बसला,
फरशीवर शिडकावा, धूळ खाली बसावी म्हणून,
थिनर थंडीचं, सावकाश उडणारं,
आणि वीतभर अंतरावरून पिस्ता रंगाचं पहिलं धुकं.
हात थांबवायचा नाही, तो म्हणाला.
थांबायचं तर गाडीच्या बाहेर जाऊन थांबायचं,
अंगावर थांबलात की ओघळ.

दोन हात झाले. मध्ये पंधरा पंधरा मिनिटं.
तिसरा निम्मा झाला
आणि ऊन गेलं.
कुणी दिवा मालवावा तसं नाही,
कुणी खोलीतून न सांगता उठून जावं तसं.
उजवं झाकण बघता बघता दुधाळ झालं,
चष्म्यावर वाफ धरते तसं.
नत्थीलालने शिवी दिली नाही.
'दीदी, इसने साँस ले ली,' म्हणाला,
आणि पिस्तूल धुवायला घेतलं.
उद्या ऊन पडलं तर थिनरचा पुसट हात,
जाईल ते. पडलं तर.

मी ताईला फोटो पाठवला.
तिला दुधाळ डाग दिसलाच नाही.
म्हणाली, अगं पिस्ता कुठला?
आपली निळी होती.

घासताना निळा निघाला होता,
वरचाच थर, पातळ, नीट मारलेला.
मला वाटलं, नंतर कुणीतरी मारला असेल.
पिस्ता त्याच्या खाली होता,
माझा पिस्ता, परीक्षांचा.
निळा कधी केलास? मी विचारलं.
तू भोपाळला बी.एड.ला होतीस तेव्हा,
असं म्हणून ती औषधांबद्दल बोलू लागली.

दोन वर्षं होते मी भोपाळला.
दिवाळीला आले, उन्हाळ्यात आले,
गाडीवर बसलेसुद्धा असेन.
कुणासाठी निळी, हे मी विचारलं नाही.
फोनवर ताई दम लागल्यासारखी
जराशी थांबली होती,
तेवढ्यात विचारायला हवं होतं.

संध्याकाळी किल्ला पुन्हा गेला.
मी दोन पापड भाजून डब्यात ठेवलेत,
आणि उद्या नत्थीलालला विचारायचंय
निळ्याचा लहान डबा केवढ्याला पडेल.